नंबर नसलेली यादी

बार्शीला एप्रिलमध्ये सकाळी नऊलाच गच्ची तापायला लागते. १६ एप्रिल २०१५ ला मी तिथं पाण्याच्या टाकीच्या सावलीला बसले होते. समोर जुन्या धोतरावर आईनं आदल्या दिवशी घातलेल्या कुरडया दुसरं ऊन खात होत्या. हातात कावळे हाकायची काठी होती आणि मांडीवर फोन. साडेनऊ वाजले तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र झाली, म्हणजे तिकडची पंधरा तारीख संपली. मी ज्या विद्यापीठाच्या पत्राची वाट बघत होते ते मिडवेस्टमधलं, म्हणजे अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागातलं, तिथलं घड्याळ एक तास मागं. मला आणखी एक तास मिळाला होता.

साडेदहा वाजले. फोन वाजला नाही. आई वर आली, कुरडया उलटल्या, आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली, "आलं का गं काही?"

"नाही."

"बरं. खाली चल मग, ऊन लागंल."

ती पंधरा तारीख काय असते हे इंग्रजी साहित्यात पीएचडी करायला अमेरिकेत अर्ज केलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि बाकी कुणाला सांगितलं तरी पटत नाही. तिकडच्या बऱ्याच विद्यापीठांनी कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या एका ठरावावर सह्या केलेल्या आहेत. ज्या विद्यार्थ्याला आर्थिक साहाय्यासकट प्रवेश देऊ केला आहे, त्याच्यावर १५ एप्रिलच्या आधी हो किंवा नाही सांगायची सक्ती करायची नाही, असा तो ठराव. विद्यार्थ्याला चार ठिकाणची पत्रं शेजारी ठेवून विचार करता यावा म्हणून केलेली ही सोय आहे आणि ती चांगलीच आहे. पण ज्याच्या हातात एकही पत्र नाही, जो वेटिंग लिस्टवर आहे, त्याच्यासाठी हीच तारीख फार वाईट असते. कारण वरचे लोक शेवटच्या दिवसापर्यंत थांबू शकतात, आणि ते थांबले की खालच्यांना थांबावंच लागतं.

आपल्याला वेटिंग लिस्ट कळते ती रेल्वेची. पीएनआर टाकला की नंबर दिसतो. काल चौदा होता, आज नऊ झाला, आरएसीत गेला, आता टीसीला गाठू. नंबर खाली येताना दिसतो म्हणून माणूस धीर धरतो. पीएचडीच्या यादीला बहुतेक ठिकाणी नंबरच नसतो. मला वाटायचं मुद्दाम सांगत नाहीत. पुढं त्याच व्यवस्थेत सहा वर्षं काढल्यावर कळलं की पुष्कळदा तसा नंबर खरोखरच नसतो. इंग्रजी विभाग वर्षाला आठ-दहा जणांना घेतो. त्यांत एक मध्ययुगीन साहित्यवाला, दोघं एकोणिसाव्या शतकाचे, एखादी शेक्सपिअरच्या काळावर काम करणारी, एक-दोन वसाहतोत्तर साहित्याचे असा मेळ घालावा लागतो, कारण मार्गदर्शन करणारे प्राध्यापकही तसेच विभागलेले असतात. मध्ययुगीनवाला दुसरीकडं गेला तर त्याच्या जागी बहुधा दुसरा मध्ययुगीनवालाच बोलावतात. म्हणजे मी ज्या एका अनोळखी माणसाच्या निर्णयावर अवलंबून होते, तो माझ्याच विषयावर प्रेम करणारा होता. कदाचित मी वाचलेलीच पुस्तकं त्यानंही वाचली असतील. त्यानं नको म्हणावं अशी मी रोज वाट बघत होते. हे लिहितानाही मला ते बरं वाटत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. इंजिनिअरिंगच्या कॉलेजात दहा जागांसाठी पंधरा जणांना बोलावलं आणि बाराजण आले तर कॉलेजचं फारसं बिघडत नाही, फी येतेच. इंग्रजीच्या पीएचडीत उलटं असतं. घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याची शिकवणी फी माफ करायची, पाच-सहा वर्षं स्टायपेंड, म्हणजे विद्यावेतन, द्यायचा, आरोग्य विमा काढायचा. दोन जास्त आले तर विभागाचं अंदाजपत्रकच कोलमडतं. म्हणून ते हात राखून बोलावतात, आणि उरलेल्यांना यादीत ठेवतात. यादीतला माणूस नापसंत असतो असं नाही, त्याच्यापुरते पैसे अजून मोकळे झालेले नसतात. हे तेव्हा कुणी मला सांगितलं असतं तर गच्चीवरून मी जरा वेगळ्या मनानं खाली आले असते.

अर्ज करायला मुळात पैसे लागतात, इथपासूनच सगळं सुरू होतं. आठ विद्यापीठं निवडली होती. एकेकाची अर्जाची फी पंचाहत्तर ते शंभर डॉलर. जीआरई या प्रवेशपरीक्षेचे जवळपास दोनशे, इंग्रजी साहित्याची वेगळी जीआरई दीडशे, इंग्रजी भाषेची टोफेल परीक्षा वेगळी, शिवाय प्रत्येक ठिकाणी गुण पाठवायचे पैसे. डॉलर तेव्हा बासष्ट रुपयांच्या आसपास होता. बेरीज सत्तर हजारांच्या वर गेली. बऱ्याच विद्यापीठांत गरजू विद्यार्थ्यांना अर्जाची फी माफ होते, पण ती सवलत परदेशी अर्जदाराला क्वचितच लागू असते. मी तेव्हा एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते आणि संध्याकाळी दहावीच्या शिकवण्या घेत होते. तीसेक हजार साठले होते.

उरलेले आईच्या भिशीतून आले. आमच्या आळीत वीस बायकांची भिशी होती, महिन्याला दोन हजार. म्हणजे ज्या बाईचा नंबर तिला चाळीस हजार. आईचा नंबर फेब्रुवारीत होता आणि अर्ज भरायचे होते डिसेंबरच्या आत. नोव्हेंबरचा नंबर शेजारच्या काकूंचा. त्यांना घरघंटी घ्यायची होती, गिरणीत बाजरी-ज्वारी डोक्यावरून नेऊन नेऊन त्यांची मान धरली होती. आईनं त्यांना विचारलं सुद्धा नव्हतं. माझ्या अर्जाचं भिशीच्या दिवशी बोलण्यात निघालं, तेव्हा काकू म्हणाल्या, "माझा नंबर तू घे. घंटी काय, फेब्रुवारीत घेईन." वहीत दोन नावांची अदलाबदल झाली, दोघींनी सह्या केल्या, आणि पोह्यांच्या बश्या फिरल्या. एवढंच. मी त्या वेळी दारात उभी होते. आभार मानायचे असतात हे मला सुचलंही नाही.

परदेशात चालणारं क्रेडिट कार्ड आमच्या घरात कुणाकडं नव्हतं. पुण्याला आयटीत असलेल्या आतेभावानं त्याच्या कार्डावरून फिया भरल्या. दर वेळी फोनवर ओटीपी सांगताना तो म्हणायचा, "ताई, आठातलं एक तरी लागलंच पाहिजे हं."

शिफारसपत्रांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आपल्याकडच्या मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान तिथं होतं असं माझं ठाम मत आहे. आपल्या कॉलेजात दाखल्यासारखं पत्र द्यायची रीत आहे. विद्यार्थिनी मेहनती आहे, प्रामाणिक आहे, वर्तणूक चांगली आहे, तिला उज्ज्वल भविष्य लाभो. ही तीन वाक्यं लेटरहेडवर टाइप करून, खाली शिक्का मारून मिळतात. त्यात खोटं काही नसतं. पण तिकडच्या प्रवेश समितीपुढं जी पत्रं येतात ती दोन-दोन पानांची. या मुलीनं अमुक निबंधात काय मांडलं, वर्गात कुठल्या मुद्द्यावर माझ्याशी वाद घातला, तिचा विचार कुठं कच्चा आहे आणि कुठं माझ्याही पुढं गेला, असं सगळं त्यांत असतं. त्या पत्रांशेजारी आपलं तीन वाक्यांचं पत्र ठेवलं की समितीला वाटतं, सरांना ही मुलगी आठवतच नाही.

माझे एम.ए.चे सर निवृत्तीला आले होते. त्यांनी आयुष्यात असं पत्र लिहिलं नव्हतं. मी त्यांना नीट सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे त्यांना तुझी वर्तणूक नको, तुझं डोकं हवंय." मग त्यांनी माझे दोन वर्षांपूर्वीचे ट्यूटोरिअलचे कागद कपाटातून काढले. ठेवले होते त्यांनी. एका कागदाच्या समासात त्यांनीच लाल पेनानं लिहिलं होतं, 'असहमत. पण उत्तर सुचत नाही.' त्या एका शेऱ्यावरून त्यांनी दीड पान लिहिलं. ते काय लिहिलंय हे मला वाचायला मिळालं नाही, तशी रीतच आहे. पण त्या शेऱ्याबद्दल लिहितोय एवढं त्यांनी सांगितलं.

हेतुपत्र, म्हणजे मला काय आणि का शिकायचंय हे सांगणारं पत्र, मात्र मी पहिल्या वर्षी पूर्ण चुकवलं. 'मला लहानपणापासून वाचनाची आवड होती' अशी सुरुवात, मग गावातलं वाचनालय, मग पहिली इंग्रजी कादंबरी. सगळं खरं आणि मनापासूनचं. पण जे शंभर-दोनशे जण अर्ज करतात त्या प्रत्येकाला लहानपणापासून वाचनाची आवड असते. तुम्हाला काय आवडतं यापेक्षा तुम्हाला कोणता प्रश्न पडला आहे, तो अजून सुटलेला का नाही आणि तो आमच्याच विभागात का सोडवायचा आहे, हे समितीला हवं असतं. माझा प्रश्न माझ्यापाशी होता, पण मी तो तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी भीत भीत लिहिला होता. मुंबईत मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत लिहिणारे कवी होऊन गेले. एकच कवी तीच कविता दोन भाषांत लिहितो, तेव्हा मूळ कुठलं आणि भाषांतर कुठलं? मराठीतला उंबरठा इंग्रजीत थ्रेशोल्ड झाला, की उंबरठ्यावर बसू नये, उंबरठ्यावर शिंकू नये, तिन्हीसांजेला उंबरठ्यात उभं राहू नये, हे सगळं कुठं जातं? कवी ते मुद्दाम टाकून देतो की इंग्रजीत त्याच्या जागी दुसरं काही उभं करतो? दुसऱ्या वर्षी हेतुपत्र सुरूच झालं उंबरठ्यापासून. नमुना म्हणून पाठवायचा वीस पानांचा लेखही मी त्याच प्रश्नावर नव्यानं लिहिला.

पण ते पुढचं. पहिल्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये सहा नकार आले. नकाराचं पत्र पहिल्या ओळीवरूनच ओळखू येतं, अर्जांची संख्या प्रचंड होती असं ते सांगायला लागतं. सातवं पत्र वेटिंग लिस्टचं. आणि आठव्यात 'अभिनंदन' होतं.

ते मी अर्धंच वाचलं आणि ओरडले. अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटी डेपोतून नुकतेच आले होते. गणवेश न बदलता तसेच परत गेले आणि अर्धा किलो पेढे घेऊन आले. आळीत वाटून झाले. काकूंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. रात्री जेवणं झाल्यावर मी पत्र नीट वाचलं. पीएचडीला नकार होता. त्याऐवजी दोन वर्षांच्या एम.ए.ला प्रवेश देऊ केला होता. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की या अभ्यासक्रमासाठी विभागाकडून आर्थिक साहाय्य उपलब्ध नाही. फी वर्षाला सेहेचाळीस हजार डॉलर. राहण्या-खाण्यासकट दोन वर्षांचा हिशेब ऐंशी लाखांच्या घरात गेला.

प्रवेश आणि पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्या रात्री कळलं. आपल्याकडं प्रवेश मिळाला म्हणजे काम झालं, पुढचं काहीतरी होतं, अशी समजूत असते. तिकडच्या मानव्यविद्येत तसं नाही. पीएचडीला सहसा पैसे मिळतात, एम.ए.ला सहसा मिळत नाहीत, आणि काही विद्यापीठं पीएचडी नाकारलेल्या मुलांनाच त्या एम.ए.ची वाट दाखवतात. तिथं शिकवतात चांगलं, यात शंका नाही. पण ज्याच्या घरी पैसा आहे त्याच्यासाठीच ती वाट आहे, आणि हे पत्राच्या पहिल्या ओळीत सांगायला हवं, तिसऱ्या परिच्छेदात नाही. मला याचा राग तेव्हाही आला होता आणि आजही येतो. पेढे वाटून झालेले असतात.

अण्णा घर गहाण टाकायला निघाले. बँकेत आम्ही दोघं गेलो. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला तेव्हा तारण लागायचं. आमच्या घराच्या किमतीत निम्मंही भागत नव्हतं. साहेबांनी सभ्यपणे विचारलं, "इंग्लिशमध्ये एम.ए. करून पगार किती मिळेल मॅडम?" प्रश्न रास्त होता. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "नको अण्णा, चला." स्टँडपर्यंत आम्ही चालत आलो. उसाच्या रसाच्या गाड्यावर त्यांनी दोन ग्लास सांगितले आणि म्हणाले, "बाबासाहेबांचं काय झालं होतं, ठाऊक आहे ना?"

ते मला शाळेपासून ठाऊक होतं, पण त्या दिवशी ते मी पहिल्यांदा पैशाच्या बाजूनं ऐकलं. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी बडोदा संस्थानातून दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, तेव्हा डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून लंडनला पोचले, अभ्यास सुरू झाला, आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून काम अर्धवट टाकून परत यावं लागलं. विद्यापीठानं चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली होती. मग सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले, असं करून १९२० मध्ये ते लंडनला परत गेले. एवढ्या मोठ्या बुद्धीचा माणूस तीन वर्षं थांबला तो फक्त पैशासाठी. अण्णांना एवढंच म्हणायचं होतं की थांबावं लागलं तरी परत जाता येतं. त्यांनी ते तसं म्हटलं नाही. रसाचे पैसे दिले आणि एसटीची वेळ बघितली.

उरली होती वेटिंग लिस्ट. मार्चअखेर मी विभागाच्या समन्वयक बाईंना मेल लिहिली: अजूनही तुमचा विभाग माझी पहिली पसंती आहे, जागा मिळाली तर मी त्याच दिवशी होकार कळवीन, यादीची स्थिती सांगता आली तर आभारी राहीन. दोन दिवसांनी उत्तर आलं. तुझ्या क्षेत्रात दोन जणांना बोलावलं आहे, दोघांनीही अजून कळवलेलं नाही, काही हललं तर मी स्वतः लिहीन. खाली सही होती आणि सहीच्या खाली एक ओळ, 'वाट बघणं अवघड असतं, मला कल्पना आहे.' २३ एप्रिलला त्यांनी खरंच लिहिलं. दोघंही येत होते.

दुसऱ्या वर्षी आठाच्या जागी पाचच अर्ज केले. आधी विभागांची पानं उघडून बघितलं की पैसे सगळ्यांना मिळतात की काहींनाच, किती वर्षं मिळतात, परदेशी विद्यार्थ्यांना तेच नियम लागू आहेत का. मार्च २०१६ मध्ये दोन ठिकाणांहून पैशासकट बोलावणं आलं. दोन्ही सरकारी विद्यापीठं, दोन्ही मिडवेस्टमधली. एकात स्टायपेंड वर्षाला दोनेक हजार डॉलरनं जास्त, दुसऱ्यात माझ्या विषयाच्या दोन प्राध्यापिका. मी पहिल्या वर्षीचा तो हिशेब विसरले नव्हते, म्हणून दुसरीकडं एकदा सरळ विचारलं की रक्कम वाढू शकेल का. नाही म्हणाले, पण कुणी रागावलं नाही. वीस मार्चपर्यंत माझं दुसरीकडं जायचं ठरलं.

बाहेर शिकणारी एक मैत्रीण म्हणाली, "ठरलं असलं तरी पंधरा एप्रिलपर्यंत पहिली ऑफर सोडू नकोस. तुझा हक्क आहे. काय सांगावं, दुसरीकडं काही बदललं तर?" तिचं म्हणणं व्यवहाराचं होतं. मी दोन रात्री विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात काकूंच्या घरघंटीचा आवाज येत होता, त्या आता आळीतल्या चार घरांचं दळण त्यावर दळून द्यायच्या. मी लॅपटॉप घेतला आणि नकाराचं पत्र लिहिलं. लिहायला सोपं नव्हतं, ज्यांनी आपल्याला हवं म्हटलं त्यांना नको म्हणायचं होतं. शेवटी एक वाक्य घातलं, 'तुमच्या प्रतीक्षा यादीतल्या कुणाला याचा लवकर उपयोग व्हावा म्हणून आजच कळवते आहे.' ती तारीख २३ मार्च होती. ती जागा कुणाला मिळाली, मला माहीत नाही. मिळाली की नाही, हेही नाही.

पैशासकट प्रवेश मिळाला तरी पैशाचा प्रश्न संपत नाही, तो फक्त लहान होतो. हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं, म्हणून लिहून ठेवते. माझा स्टायपेंड वर्षाला अठरा हजार डॉलर, पण तो नऊ महिन्यांत वाटलेला. उन्हाळ्याचे तीन महिने कोरडे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, तेही कॅम्पसवरच, आणि ते वीस तास शिकवण्याच्या नेमणुकीतच संपतात. शिकवणी फी माफ असते पण 'विद्यार्थी शुल्क' नावाची वेगळी रक्कम दर सत्राला भरावी लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ऑगस्टच्या मध्याला पोचलं की पहिला पगार सप्टेंबरच्या अखेरीस हातात येतो. मधले सहा आठवडे घराचं डिपॉझिट, पहिलं भाडं, गादी, भांडी, थंडीचा कोट हे सगळं आपल्या खिशातून. निघायच्या आधी व्हिसाची फी, सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची फी, विमान. मला निघताना सव्वादोन लाख लागले. आतेभावानं दिले. दोन वर्षांत फेडले.

तिथं पहिल्याच सत्रात मला अमेरिकन मुलांना इंग्रजी निबंधलेखन शिकवायला उभं केलं. वर्गात वीस-बावीस मुलं, अठरा वर्षांची. कित्येक इंग्रजी विभाग याच वर्गांवर उभे असतात. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला लेखनाचा वर्ग सक्तीचा, तो शिकवायला माणसं हवीत, म्हणून पीएचडीच्या विद्यार्थ्यांना स्टायपेंड. कुणी आमच्यावर उपकार केला नव्हता, आम्ही काम करत होतो. हे कळल्यावर मी पगाराबद्दल बोलताना मान खाली घालणं सोडलं.

२०२२ मध्ये पदवी घेऊन परत आले. आता पुण्यात शिकवते, आणि दर वर्षी तीन-चार मुलं अर्जांचे कागद घेऊन येतात. त्यांच्यापुढचे दिवस माझ्यापेक्षा कठीण आहेत. २००८ च्या मंदीनंतर तिकडं इंग्रजीच्या कायम नोकऱ्या ज्या घसरल्या त्या पुन्हा वर आल्याच नाहीत, हे मी प्रत्येकाला पहिल्या भेटीतच सांगते. करोनाच्या वर्षी कितीतरी विभागांनी पीएचडीचे प्रवेशच बंद ठेवले. २०२५ च्या फेब्रुवारीत संशोधनाचा सरकारी निधी आटायला लागला तशी अनेक विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कापल्या, पिट्सबर्गसारख्या विद्यापीठानं काही दिवस प्रवेश देणंच थांबवलं.

इकडंच राहावं म्हटलं तर नेट, म्हणजे प्राध्यापक व्हायला लागणारी पात्रता परीक्षा. १८ जून २०२४ ला नऊ लाखांहून जास्त मुलांनी ती दिली आणि दुसऱ्या दिवशी सरकारनं ती रद्द केली. त्याच वर्षीपासून पीएचडीच्या प्रवेशालाही नेटचेच गुण धरायचं ठरलं होतं. माझी एक विद्यार्थिनी त्या दिवशी परीक्षा देऊन रात्रीच्या गाडीनं नांदेडला घरी पोचली आणि दुसऱ्या दिवशी रात्री बातमी लागली. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना सदतीस हजार, म्हणजे घरी पैसे न मागता अभ्यास करता येतो. न मिळाली तर तेच तासिका तत्त्व. एवढ्या दोन टोकांच्या मधे तिला पुन्हा दोन महिने बसावं लागलं.

तीच आता तिकडच्या एका यादीवर आहे. तिला आपल्या आजीच्या पिढीतल्या दलित बायकांच्या मराठी आत्मकथनांवर काम करायचंय, ती इंग्रजीत गेली तेव्हा त्यांच्या बोलीचं काय झालं यावर. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जातींतल्या अशाच मुलांसाठी आहे. पण २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय त्यातून वगळले. परदेशात जाऊन आपल्याच समाजाचा अभ्यास कशाला, असा त्यामागचा विचार. कोलंबियातल्या एका चर्चासत्रात १९१६ साली भारतातल्या जातींवर निबंध वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या देशात हा नियम होतो, याचं मला फार वाईट वाटतं. तिनं नियमावली मला दाखवली तेव्हा त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ मारलेली होती, आणि रेघ दोनदा मारलेली होती.

तिच्यासाठी आम्ही मिळून मेल लिहिली. चार वाक्यं. पहिल्या खर्ड्यात तिनं तीनदा माफी मागितली होती. मी म्हटलं, "माफी कशाबद्दल? तू चौकशी करते आहेस." तिनं तिन्ही खोडल्या. मग विचारलं, "मॅडम, पैशाचं आत्ताच विचारू का? बरं दिसेल?" मी खुर्ची तिच्याकडं सरकवली आणि शेवटचं वाक्य तिच्याकडूनच टाइप करून घेतलं: जागा उपलब्ध झाल्यास ती पूर्ण आर्थिक साहाय्यासकट असेल का, हे कृपया कळवावे. पाठवायचं बटण तिनं डोळे मिटून दाबलं.

काल रात्री आईचा फोन आला. तिला मी या मुलीचं सांगितलं होतं.

"आलं का गं त्या पोरीचं?"

"नाही अजून. पंधरा तारखेपर्यंत कळेल. कदाचित नंतरही."

"आणि आलं तर कधी निघावं लागंल?"

"ऑगस्टात."

ती थोडा वेळ गप्प होती. मागून मिक्सरचा आवाज आला, मग तिनं कुणालातरी तो बंद करायला सांगितलं.

"पहिला पगार उशिरा होतो म्हणाली होतीस ना तू? माझा नंबर ऑक्टोबरात आहे," ती म्हणाली. "जुलैचा कुणाचा आहे ते वहीत बघून सांगते."